बालीच्या विमानतळावरून परत

बुधवार, दिनांक ३० एप्रिल १९८६. सकाळचे आठ वाजून अडतीस मिनिटे झाली होती, घरात भरलेल्या पाण्याचे तीन हंडे होते, आणि दिल्लीहून रेडिओवर येणाऱ्या मराठी बातम्या संपत आल्या असताना मच्छिंद्र सरवदे यांचा दाढीचा ब्रश गालावरच थांबला. त्या दिवसाची मोठी बातमी रशियातल्या अणुभट्टीच्या अपघाताची होती. तिच्यापुढे उरलेले जग आखडून एकेका वाक्यात बसवलेले होते. शेवटाकडचे एक वाक्य बाली बेटाचे होते. अमेरिकेचे अध्यक्ष इंडोनेशियाच्या राष्ट्राध्यक्षांच्या भेटीसाठी बालीला पोहोचले. त्यांच्यासोबतच्या पत्रकारांपैकी दोघा ऑस्ट्रेलियन पत्रकारांना यजमान सरकारने विमानतळावरूनच परत पाठवले. भेटीच्या कार्यक्रमात बदल नाही. मग खेळाची एक ओळ आली आणि बातम्या संपल्या. सरवदे आरशात बघत राहिले. गालावरचा साबण वाळून कातडी ओढू लागली तरी त्यांना ते कळले नाही. कार्यक्रमात बदल नाही, असे ते स्वतःशीच पुटपुटले. त्यांच्या मुलखात वऱ्हाडाबरोबर आलेला गाडीवान जरी कुणी मांडवाच्या दारातून हाकलला असता, तरी वऱ्हाड पाणी न पिता माघारी फिरले असते. इथे पाहुण्याच्या बरोबरीची माणसे दारातून परत गेली, आणि पाहुणा हार घालून घेऊन आत पानावर जाऊन बसला.

त्या संध्याकाळी याच विषयावर त्यांना बोलायचे होते. उस्मानाबादच्या वाचनालयाची वसंत व्याख्यानमाला चालू होती आणि फलकावर खडूने लिहिले होते: ‘अमेरिका आणि इंडोनेशिया: संबंधांचे आज आणि उद्या’. वक्ते, श्री. म. धों. सरवदे, निवृत्त उपअभियंता. वाचनालयाच्या मंडळींनी खरे तर त्यांच्याकडे दुष्काळावर व्याख्यान मागितले होते. दुष्काळावर ऐकायला माणसे येत नसतात, दुष्काळ त्यांच्या घरीच असतो, असे म्हणून त्यांनी हा विषय स्वतःहून दिला होता. गावात त्याची थोडी चेष्टाही झाली. नळाला चार दिवसांनी पाणी येतं आन साहेब निघाले जावा-सुमात्राला, असे कुणीतरी चहाच्या हॉटेलात म्हटल्याचे त्यांच्या कानावर आले होते. पण सरवद्यांना सुमात्रा लांब वाटत नव्हती. त्यांचा एकुलता एक मुलगा गुलाब पाच वर्षांपासून तिथे एका अमेरिकन कंपनीच्या तेलविहिरींवर इंजिनिअर होता. जमीन इंडोनेशियाची, यंत्रे अमेरिकेची, आणि त्या दोहोंच्या मधल्या चिमटीत आपले पोर, असे चित्र त्यांच्या मनात कायमचे बसले होते. निजामाच्या काळात हैदराबादच्या टेक्निकल कॉलेजात उर्दूतून इंजिनिअरिंग शिकलेला हा माणूस दोन राष्ट्रांच्या संबंधाकडेही तुळईसारखे बघायचा: भार कुठे पडतो, आधार कुठे आहे, आणि पहिली चीर कुठे जाईल. हिवाळ्यापासून तेलाचा भाव निम्म्याखाली कोसळला होता. कंपनीने कितीतरी विहिरींचे काम थांबवले होते. गुलाबने गेल्या महिन्यात फोनवर विचारले होते, बाबा, परत येऊ का? तुम्ही सांगा. आणि हयातभर खालच्यांना हुकूम देण्यात गेलेल्या बापाला फोनच्या तीन मिनिटांत उत्तर देता आले नव्हते. तेव्हापासून सरवदे परदेशाच्या बातम्या कुंडलीसारख्या वाचत होते. अमेरिकेचे आणि इंडोनेशियाचे टिकेल तर गुलाबचे टिकेल, इतका साधा हिशेब त्यांनी मांडला होता; आणि साध्या हिशेबात माणूस जसा रात्रंदिवस अडकतो तसे ते त्यात अडकले होते.

वाळलेला साबण पुसताना त्यांना एकोणीसशे पंचावन्न आठवले. तेव्हा ते तुळजापूरच्या रस्त्यावर ओव्हरसिअर होते. एप्रिलचाच महिना, असाच फुफाटा. जावा बेटावरच्या बांडुंग गावी आशिया-आफ्रिकेच्या राष्ट्रांची परिषद भरली होती आणि त्याच आठवड्यात गुलाब जन्मला. हैदराबादहून टपालाने येणारे उर्दू वर्तमानपत्र बाळंतिणीच्या खाटेशी बसून ते चांगुणाबाईंना मराठीत सांगायचे. गोऱ्यांना न विचारता काळ्या-सावळ्या देशांचे पुढारी एका जागी जमले आहेत, आता कुणी कुणाच्या ताटाखालचे मांजर राहणार नाही, असे त्यांनी मोठ्या उमाळ्याने सांगितले, तेव्हा चांगुणाबाईंनी एवढेच विचारले होते की ते सगळे एका पंगतीला जेवले का. त्यांना उत्तर माहीत नव्हते. बसले असतील, ते म्हणाले होते. मग बरं झालं, ती म्हणाली होती आणि पोराकडे वळली होती. पुढच्या वर्षी दोघे पोराला घेऊन नागपूरला गेले आणि बौद्ध होऊन परत आले. परतीच्या गाडीत तिची पांढरी साडी कोळशाच्या कणांनी करडी झाली होती, तरी तिने ती महिनाभर धुतली नाही. इंडोनेशिया म्हणजे त्यांच्या लेखी तेव्हापासून ती पंगत होती. चौसष्टात तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी अमेरिकेला भर सभेत सुनावले की तुमची मदत घेऊन जहन्नममध्ये जा, तेव्हा सरवदे दिवसभर छाती काढून साइटवर हिंडले होते. पुढचे मात्र वर्तमानपत्राने कधी सरळ सांगितले नाही. पासष्टात लष्कराने सत्ता हातात घ्यायला सुरुवात केली, लाखो माणसे कम्युनिस्ट म्हणून मारली गेली, हे आतल्या पानावर कोपऱ्यात, तुकड्यातुकड्याने येत राहिले. मग अमेरिकेची मदत पुन्हा सुरू झाली. ज्या नद्यांतून प्रेते वाहिली म्हणतात त्यांच्यावर बंधारे बांधायला कर्ज आले असेल, आणि कुणीतरी आपल्यासारखाच उपअभियंता तिथे मापे घेत उभा राहिला असेल, असे त्यांना पुष्कळदा वाटायचे. त्याने पाण्यात वाकून पाहिले असेल का? मापे घेताना माणूस पाण्याकडे बघत नाही, पट्टीकडे बघतो.

आदल्या दिवशी संध्याकाळी बसप्पा येऊन गेले होते. बसप्पा सहकारी सूतगिरणीचे व्हाइस चेअरमन, सरवद्यांचे वीस वर्षांचे स्नेही. गुलाबचा फोन त्यांच्याच घरी यायचा, आणि आला की ते धोतराचा सोगा धरून स्वतः बोलवायला यायचे. नोकराला पाठवत नसत. सरवदे गिरणीच्या मंडळावर तज्ज्ञ संचालक होते, मानाची खुर्ची आणि मताचा अधिकार. बसप्पांनी पाणी मागितले नाही. उन्हाळ्यात कुणाच्या घरी पाणी मागायचे नाही एवढा विवेक त्यांना होता. त्यांनी सावकाश विषय काढला. परवा, म्हणजे एक मेला, झेंडावंदन झाल्यावर मंडळाची सभा होती. चौथा विषय येडशीच्या अलीकडच्या वाडीतल्या पाझर तलावाच्या पोटात विहीर घेऊन गिरणीसाठी पाणी उचलण्याचा. पाचवा विषय गिरणीच्या चीफ इंजिनिअरच्या नेमणुकीचा. पाचव्यात गुलाबचे नाव होते.

“चेअरमनसाहेब सोताहून म्हणले,” बसप्पा म्हणाले, “सरवदे साहेबांचा मुलगा बाहेरदेशी कशाला राबतोय. आपल्या गिरणीत येऊ द्या की. अन् चौथ्या विषयाला सूचक म्हणून तुमचं नाव घालू म्हणले. तुमच्या हातचा तलाव हाय, तुमच्याच तोंडून आलेलं बरं.”

सहकारात ही जुनी रीत होती आणि सरवदे तिला चांगले ओळखत होते. ज्याची हरकत येण्याची भीती असते त्यालाच ठरावाचा सूचक करायचे. मग हरकत घ्यायला कुणी उरत नाही. सभेच्या आधीच इतिवृत्त लिहून तयार असते, आणि प्रत्येक विषयाच्या खाली ‘सर्वानुमते मंजूर’ ही अक्षरे सभासद घरून निघण्यापूर्वीच वाळलेली असतात. गिरणी चालू झाल्यापासून मंडळात एकदाही मते मोजली गेली नव्हती. मोजणे म्हणजे एकमेकांच्या तोंडावर अविश्वास दाखवणे. सरवद्यांनी खालच्या विहिरींचे काय असे विचारले. बसप्पांनी मान खाली घातली. सूत तुटू नये म्हणून गिरणीच्या हवेत सारखी ओल धरावी लागते, पाणी नसेल तर पंधरा दिवसांत यंत्रांचे पट्टे उतरवून गिरणी बंद ठेवावी लागेल, आणि पाळीपाळीने कामाला येणारी ती सगळी घरे कुठे जातील, असे त्यांनी सांगितले. त्यात खोटे काहीच नव्हते. हेच सरवद्यांना रात्रभर टोचत राहिले. देणारा वाईट असता तर सोपे होते.

तो तलाव बहात्तरच्या दुष्काळातला. सरवद्यांनी त्याची जागा काढली, पाया खणून घेतला, काळी माती चोपून चोपून भराव वर आणला. कामावर वाडीच्या आणि आसपासच्या बाया-माणसांची अख्खी जत्रा असायची. मजुरीबरोबर अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी मिळायची, मिलो म्हणायचे तिला. भाकरी थापताना तिला चिकटपणा नसायचा, तव्यावर तुकडे पडायचे, खाल्ली की पोटात दगड. सारजाबाई नावाची धनगराची तरणी विधवा टोळीची मुकादम होती, तोंडाची फटकळ. एकदा सगळ्यांसमोर तिने ओंजळभर मिलो त्यांच्या पुढ्यात धरली होती.

“साहेब, ही ज्वारी त्येंच्या देशात जनावरं खात्यात म्हणं. खरंय का?”

“खरं आहे,” ते म्हणाले होते. खोटे बोलायची त्यांना सवय नव्हती.

“मंग जनावरान्ला तरी इचारून देत असतील.”

टोळी हसली होती. तेही हसले होते, आणि संध्याकाळी त्यांच्याच समोर सारजाबाईने तीच मिलो पदरात बांधून घेतली होती, कारण घरी सासू आणि दोन पोरे होती. ज्याच्या घरी दोन पोरे आहेत तो दात्याला टोमणा मारू शकतो, पण पदर मागे घेऊ शकत नाही. चौसष्टात जहन्नम दाखवणाऱ्या देशाने पुढे पदर पसरला तो असाच पसरला असेल, असे त्या दिवशी त्यांच्या मनात येऊन गेले होते. आणि पदर एकदा पसरला की देणारा कुठून काय उचलतो तिकडे डोळे जात नाहीत. गिरणीच्या विहिरीची कुणकुण कानी आली तेव्हा, आठवड्यापूर्वी, ते मुद्दाम वाडीला जाऊन आले होते. तलाव वरून कोरडा ठणठणीत होता, तळाच्या गाळाला भेगा पडलेल्या. पण पाझर तलावाचे पाणी दिसणारे नसतेच. ते खाली उतरून वाडीच्या विहिरींत निघते. सारजाबाईच्या विहिरीत खडकाच्या सांदीतून करंगळीएवढी धार होती. तिचे केस आता पांढरे झाले होते. तिने त्यांना ओट्यावर बसवले, तांब्याभर पाणी दिले, गुलाबची चौकशी केली. गिरणीच्या विहिरीची बातमी तिला लागली होती हे तिच्या तोंडावरून दिसत होते. तिने त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. टोमणाही नाही. एवढ्या मोठ्या फटकळ बाईने विचारू नये, हे त्यांना तांब्यातल्या पाण्यापेक्षा जड गेले. पाणी गोड होते. ते त्यांनी पूर्ण पिऊन टाकले, आणि एस.टी.त बसल्यावर त्यांना जिभेवर त्याची चव नको वाटू लागली.

संध्याकाळी वाचनालयाच्या अंगणात सतरंज्या पसरल्या होत्या, खुर्च्यांवर वकील, मास्तर, निवृत्त तहसीलदार. गिरणीचे चेअरमनसाहेब टेबलाशी बसले होते. कार्यक्रमाचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच होते. सरवदे उठले आणि रीतीप्रमाणे क्रमाने बोलू लागले. बांडुंग सांगितले, पासष्ट सांगितले. पंचाहत्तर सालच्या डिसेंबरात अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जाकार्ताला पाहुणचार घेऊन विमानात बसले आणि दुसऱ्याच दिवशी इंडोनेशियाचे सैन्य पूर्व तिमोर नावाच्या इवल्या भूमीवर उतरले, हे सांगितले. पाहुणे उठण्याची वाट पाहिली गेली होती की पाहुण्यांनी उठताना मान हलवली होती, हे आपल्याला ठाऊक नाही, असे ते म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांना बसप्पांची खाली गेलेली मान दिसली.  टेबलावर पाण्याचा पेला होता. त्यांनी त्याच्याकडे हात नेला नाही. आज बालीच्या विमानतळावरून दोन पत्रकार परत गेले, ते पुढे म्हणाले, आणि कार्यक्रमात बदल झाला नाही. याचा अर्थ संबंध भक्कम आहेत असा वर्तमानपत्रे लावतील. अभियंता म्हणून माझे निरीक्षण वेगळे आहे. ज्या भिंतीत चीर दिसत नाही ती नेहमीच भक्कम असते असे नाही; कधीकधी गिलावा जाड असतो. या दोन राष्ट्रांमध्ये गिलावा जाड आहे, आणि तो न बोललेल्या गोष्टींचा आहे.  कुणीतरी खोकले. त्यांना वाटले, आपण सुमात्रेवर बोलत नाही हे सगळ्यांना कळले आहे. आणि लगेच वाटले, कुणालाच कळलेले नाही, आणि तेच जास्त वाईट आहे.

प्रश्नांच्या वेळी एका म्हाताऱ्या मास्तरांनी विचारले की मग उद्याचे काय? हे संबंध टिकतील का तुटतील? याच प्रश्नासाठी महिनाभर त्यांची झोप उडाली होती. गुलाबने फोनवर विचारलेला प्रश्नही त्यांच्या लेखी हाच होता.  त्यांनी सांगितले की टिकतील. अमेरिकेला कम्युनिस्टांची भीती आहे तोवर टिकतील. ज्या दिवशी ती भीती संपेल त्या दिवशी अमेरिकेला तिमोरमधली माणसे एकाएकी दिसू लागतील, मग ती प्रश्न विचारील, आणि यजमानाला नवल वाटेल की इतकी वर्षे जेवताना यांना काही दिसत नव्हते का. टाळ्या पडल्या. चेअरमनसाहेबांनी समारोपात सरवदे साहेबांच्या व्यासंगाचे तोंड भरून कौतुक केले आणि अशा माणसाची बुद्धी आपल्या सहकाराला लाभली आहे असे सांगितले. हार घालताना ते कानाशी हळूच म्हणाले, उद्या दहाला, साहेब, गाडी पाठवतो. हारातली फुले उन्हाने आधीच मलूल झालेली होती. सरवद्यांनी तो घालून घेतला.

घरी आल्यावर चांगुणाबाईंनी ताट वाढले. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरींशेजारी गुलाबने पाठवलेले जावातल्या बोरोबुदूरच्या बौद्ध स्तूपाचे चित्र होते. गेल्या वर्षी तिथे कुणी बॉम्ब ठेवले ही बातमी आली तेव्हा चांगुणाबाई दिवसभर एकच विचारत होत्या, बुद्धानं कुणाचं काय घेतलं होतं म्हणावं. सरवदे जेवता जेवता बोलू लागले. तेलाचा भाव, बालीची भेट, कंपनीचे करार, संबंध टिकले तरी विहिरी चालतीलच असे नाही, म्हणजे गुलाबने इकडे येणेच तांत्रिकदृष्ट्या योग्य, आणि जागा आहे तोवर ती घ्यावी हेही तितकेच. चांगुणाबाई ऐकत होत्या; काल बसप्पांचे बोलणेही त्यांनी आतून ऐकले होते. त्यांनी भाकरी मोडून त्यांच्या ताटात ठेवली.

“तुमाला पोरगं घरी पायजे,” त्या म्हणाल्या. “मलाबी पायजे. लई पायजे. तर तसं म्हणा की. अमेरिकेला मधी कशाला घालता?”

त्यांनी भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला.

“पर वाडीचं पाणी घिऊन आलेलं पोरगं मला या घरात कसं दिसंल, त्ये न्हाय मला ठावं,” त्या पुढे म्हणाल्या, आणि उठून ताक आणायला गेल्या. त्या आत असताना सरवद्यांना प्रथमच स्वच्छ दिसले की महिनाभर त्यांनी दोन राष्ट्रांचा जो अभ्यास केला तो अभ्यास नव्हता. तो एका बापाने स्वतःच्या दारावर लावलेला जाड गिलावा होता. राष्ट्रांचे टिको न टिको. गुलाबला उत्तर त्यांना द्यायचे होते, आणि ते उत्तर त्यांनी वॉशिंग्टनवर आणि जाकार्तावर सोपवून दिले होते. ताक आले. त्यांनी ते घेतले. मग त्यांना गुलाब लहान असतानाचा आठवला: पाटाच्या कडेला बसून कागदाची नाव सोडणारा, नाव पाण्याच्या वेगाने निघाली की तिच्यामागे न धावता उभा राहून फक्त हात हलवणारा. तेव्हाही ते त्याला ओरडले नव्हते, थांब किंवा जा. तेव्हाही त्यांनी फक्त बघितले होते.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदनानंतर सभेच्या खोलीत पंखे फिरत होते आणि काचेच्या पेल्यांतून सरबत फिरत होते. चौथा विषय आला तेव्हा सचिवांनी सूचक म्हणून सरवद्यांचे नाव वाचले आणि पुढच्या ओळीकडे गेले. सरवदे उभे राहिले. उभे राहताना गुडघा कटकन वाजला तो सगळ्यांना ऐकू आला. सूचक म्हणून माझे नाव कमी करावे, ते म्हणाले. या जागी विहीर घेतल्यास वाडीच्या विहिरी पावसाळ्याआधी आटतील, हे माझे तांत्रिक मत आहे आणि ते इतिवृत्तात यावे.  चेअरमनसाहेबांनी पेला खाली ठेवला, हसून म्हणाले, काल व्याख्यानाचा शीण झाला असेल साहेबांना. कुणी हसले नाही. बसप्पांनी त्यांच्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता, नुसती विनवणी होती, आणि ती त्यांना रागापेक्षा कठीण गेली.

“साहेब,” बसप्पा हलक्या आवाजात म्हणाले, “पुढचा इषय बघा की जरा. पोराचा हाय.”

“बघितलाय, बसप्पा,” सरवदे म्हणाले. “मी आज पोस्टात जाऊन त्याला फोन लावतो. यायचं की राहायचं ते मी त्याला सांगणार आहे. गिरणी नाही सांगणार.”

बसप्पांनी मग स्वतःचे नाव सूचक म्हणून दिले. ते देताना त्यांचा आवाज चिरला. सचिव इतिवृत्तातली ‘सर्वानुमते’ ही वाळलेली अक्षरे खोडत होते आणि त्या जागी काय लिहावे ते त्यांना सुचत नव्हते, कारण तसे लिहिण्याचा प्रसंग आजवर आला नव्हता. चेअरमनसाहेबांनी हात वर करायला सांगितले. पंख्याचा वारा सगळ्यांच्या बाह्यांतून गेला. सरवदे खिडकीबाहेर बघत होते; बाहेर गिरणीच्या अंगणात झेंडा काठीला निपचित लोंबत होता, कारण वारा नव्हता, वारा फक्त खोलीत होता. त्यांना भीती वाटली नाही. नवल हे वाटले की अस्वस्थपणा जराही कमी झाला नव्हता. तो फक्त आता त्यांचा स्वतःचा होता. पाचवा विषय पुढील सभेपर्यंत तहकूब ठेवण्यात आला. चौथा ठराव मंजूर झाला. बाजूने दहा, विरुद्ध एक.